ई-परमिट टॅबवर, पण काम लाइनवर

कागदी परमिटचं (म्हणजे प्लांटमध्ये धोक्याचं काम सुरू करायच्या लेखी परवानगीचं) पॅड जाऊन टॅब आला तेव्हा आम्हाला वाटलं, चला, सह्यांसाठी प्लांटभर फिरणं संपलं. तेच संपवायचं नाही, बाकी सॉफ्टवेअर कुठलंही असू दे.

रिक्वेस्ट टाकताना नुसतं "पंप रिपेअर" लिहू नका, टॅग नंबर (त्या यंत्राचा ओळख क्रमांक) टाका, कारण त्या टॅगवर दुसरं परमिट ओपन आहे का हे सिस्टीम त्यावरूनच शोधते. 6 जुलै 1988 ला नॉर्थ सीमधल्या पायपर अल्फा या तेल-गॅस प्लॅटफॉर्मवर कंडेन्सेट पंप ए मेंटेनन्ससाठी बंद होता आणि त्याच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्हही काढलेला, म्हणजे दोन कामं, दोन परमिटं, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. रात्री पंप बी ट्रिप झाला, शिफ्टवाल्यांना पंपाचं परमिट माहीत होतं, व्हॉल्व्हचं नाही, त्यांनी ए चालू केला. काढलेल्या व्हॉल्व्हच्या जागेतून गळती, मग स्फोट, 167 माणसं गेली.

मग आयसोलेशन, म्हणजे यंत्र लाइनपासून आणि विजेपासून पूर्ण तोडणं. नुसता व्हॉल्व्ह बंद करून टिक मारू नका, ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) टाकलंय का, ब्रेकरला कुलूप लागलंय का हे जाऊन बघा, आणि स्टार्ट बटण दाबूनही बघा, मोटर हलता कामा नये. फोटो टॅग दिसेल असा काढा (टॅब एक्स-प्रूफ, म्हणजे ठिणगीने स्फोट न होऊ देणारा हवा, स्वतःचा मोबाइल घेऊन सॉल्व्हंट एरियात घुसू नका).

टाकीत उतरायचं असेल तर आधी ऑक्सिजन, 19.5 ते 23.5 टक्के, मग एलईएल (पेट घेणाऱ्या वायूचं प्रमाण), मग टॉक्सिक गॅस. क्रम हाच, कारण ऑक्सिजन कमी असला की नेहमीचा एलईएल सेन्सर कमी रीडिंग दाखवतो आणि आपण खुश. वर, मध्ये, तळाला तिन्हीकडे मोजा, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू) हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो.

आणि ते "मागचं परमिट कॉपी करा" बटण! कामाचं वर्णन कॉपी झालं तर ठीक, पण गॅस रीडिंग आणि आयसोलेशनचे टिक त्यात येत असतील तर व्हेंडरला सांगून बंदच करून घ्या, कालची हवा आज नसते राव.

शिफ्ट बदलताना ओपनबरोबर सस्पेंडेड (काम तात्पुरतं थांबवलेल्या) परमिटांची लिस्टही उघडा. पायपर अल्फावर सस्पेंड केलेली परमिटं कंट्रोल रूममध्ये नव्हतीच, सेफ्टी ऑफिसमध्ये होती. टॅबवर ती एका टॅपवर दिसतात, फक्त जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने मिळून जागेवर जाऊन बघायचं. सर्व्हर झोपला तर नवीन परमिट कागदावर, चालू असलेल्यांची प्रिंट रोज शिफ्टला काढून बोर्डावर लावा.