मेनसेल डोलकाठीत अडकलं तर

सगळ्यात आधी विंचच्या (दोर ओढायच्या चक्राच्या) हँडलवरून हात काढा. इलेक्ट्रिक विंच असेल तर बटणावरून. डोलकाठीच्या आत गुंडाळलं जाणारं मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, ज्या बोटींवर असतं, त्यांची फाटलेली शिडं मी बरीच पाहिली आहेत. त्यात वाऱ्याने फाटलेली थोडी, विंचने फाडलेली जास्त. 40 साइजची साधी विंच हाताचा जोर साधारण 40 पट करते. तुम्ही 15 किलोच्या जोराने हँडल फिरवता, आणि घर्षणात गेलेलं सोडूनही आउटहॉलवर, म्हणजे शीड बाहेर ओढणाऱ्या दोरावर, 500 किलोच्या आसपास ताण पोचतो. हाताला त्यातलं काहीच कळत नाही, ते कळतं शिवणीला.

आम्ही सोलेंटमध्ये, म्हणजे साउदॅम्प्टन आणि आइल ऑफ वाइट यांच्या मधल्या पाण्यात बोट चालवतो. 34 फुटी, सेकंडहँड, मेनसेल डोलकाठीत. आपली मंडळी उन्हाळ्यात ग्रीसला जाऊन लेफ्कासहून बोट भाड्याने घेतात आणि मग व्हॉट्सॲपवर फोटो येतो: अर्धं शीड आत, अर्धं बाहेर, खाली एक ओळ, "ताई, आता काय?" दर वेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

रचना साधी आहे. डोलकाठीच्या पोकळीत ॲल्युमिनियमची एक उभी दांडी असते, तिला फॉइल म्हणतात. शिडाची पुढची कड तिच्या खोबणीत बसवलेली. फर्लिंग लाइन ओढली की फॉइल फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. बूमवरचा (शिडाच्या तळाच्या आडव्या काठीवरचा) आउटहॉल ओढला की ते बाहेर येतं. ये-जा करायला डोलकाठीच्या मागच्या बाजूला एक अरुंद उभी खाच. या खाचेतून शीड बाहेर येताना अडकतं खरं, पण घोळ झालेला असतो मागच्या खेपेला आत घालताना. सैल बांधलेली वळकटी होल्डॉलमध्ये जात नाही, तसंच हे. गुंडाळी सैल झाली की पोकळीत फुगते, कापडाची एखादी घडी दुमडून खाचेच्या तोंडाशी येते, आणि तुम्ही आउटहॉल जितका ओढाल तितकी ती घडी पाचरीसारखी घट्ट बसते.

तरी आधी दोन फालतू वाटणाऱ्या गोष्टी बघून घ्या. फर्लिंग लाइनचा क्लच (दोर पकडून ठेवणारा चाप) बंद राहिलाय का? आणि सेल्डेन कंपनीच्या बऱ्याच डोलकाठ्यांवर गूजनेकजवळ, म्हणजे बूम डोलकाठीला जोडली जाते तिथे, एक छोटी कळ असते, रॅचेट आणि मोकळं अशा दोन स्थितींची. ती रॅचेटवर राहिली तर फॉइल एकाच दिशेने फिरते आणि शीड सुटायचं नाव घेत नाही. भाड्याच्या बोटीवरून आलेल्या कितीतरी फोटोंचं उत्तर ही कळच असते.

कळ ठीक, क्लच उघडा, तरीही अडकलंय? मग ते परत आत घ्या. उलटं वाटतं, पण इलाज हाच. मेनशीट (बूम आत ओढणारा दोर) आणि किकर (बूम खाली धरून ठेवणारा दोर) ढिले करा. एकाने फर्लिंग लाइन हाताने ओढून गुंडाळी अर्धा-एक फेरा घट्ट करायची, दुसऱ्याने आउटहॉल हातानेच ओढायचा. थोडं आत, थोडं बाहेर, पुन्हा थोडं आत. बाहेर काढताना फर्लिंग लाइन एकदम सोडून देऊ नका, हलका ताण ठेवा. ती सोडली की आतली गुंडाळी स्वतःच सैल पडते आणि नवी घडी तयार होते. तिसऱ्या माणसाने दुर्बीण घेऊन खाचेकडे वर बघायचं, कारण घडी नेमकी कुठे आहे ते कॉकपिटमधून, म्हणजे बोट चालवायच्या जागेतून, कळत नाही. बूमच्या उंचीवर असेल तर डोलकाठीशी उभं राहून शीड दोन्ही हातांनी मागे आणि खाली खेचलं की बहुतेकदा सुटते. वर स्प्रेडरपाशी (डोलकाठीच्या आडव्या हातांपाशी) असेल तर आत-बाहेर करत राहण्याला पर्याय नाही. पुष्कळ डोलकाठ्यांवर यंत्रणा थेट फिरवण्यासाठी विंच हँडलचं भोक असतं. तिथून हळू फिरवलं तर अडथळा कुठे लागतो ते कॉकपिटपेक्षा खूप चांगलं जाणवतं.

आता मुख्य भाग, शीड आत घालणं. इथे मी कुणाला घाई करू देत नाही, नवऱ्याला तर नाहीच.

बरेच जण बोटीचं नाक सरळ वाऱ्यात घालतात. शीड फडफडतं आणि फडफडत आत गेलेलं शीड सैलच गुंडाळलं जातं. वारा नाकापासून 20-30 अंश एका बाजूला हवा, आणि कुठल्या बाजूला ते तुमची फॉइल ठरवते. डोलकाठीच्या मागे उभं राहून पुढे तोंड करा आणि खाचेत बघा: शीड आत शिरून फॉइलच्या उजव्या अंगाने वळतं की डाव्या? उजव्या अंगाने वळत असेल तर गुंडाळताना वारा उजवीकडून घ्या. मग शीड डावीकडे झुकतं आणि खाचेच्या कडेवर मोडून न घासता तिरक्या सरळ रेषेत आत जातं. डाव्या अंगाने वळत असेल तर उलट. आमचं उजव्या अंगाने वळतं, आणि तसा बाण मी कॉकपिटमध्ये टेपने चिकटवून ठेवला आहे, कारण पाहुण्यांना हे कितीही सांगितलं तरी आयत्या वेळी आठवत नाही.

आउटहॉल विंचवर एक वेढा घालून हातात धरा आणि शीड आत जाईल तसा ताण राखत सोडत जा. दोन माणसं लागतात, दोघांनी एकमेकांकडे बघत काम करावं लागतं.

बूमची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. बूम डोलकाठीशी साधारण काटकोनात हवी. ती खाली पडली असेल तर शिडाची मागची कड ताणते, तळ ढिला राहतो आणि खालच्या भागात कापडाचा गोळा होतो. फार वर असेल तर तळ ताणतो आणि वरचा भाग सैल गुंडाळला जातो. शीड व्यवस्थित, सुरकुती न पडता आत गेलं त्या दिवशी टॉपिंग लिफ्टवर (बूमचं टोक वरून तोलणाऱ्या दोरावर) मार्करने खूण करा. बूम दांडीच्या कडक किकरवर तोललेली असेल तर खूण किकरच्या दोरावर. बॅकस्टे (डोलकाठीच्या टोकाला मागून ताणणारी तार) ताणलेला असेल तर आधी ढिला करा, कारण डोलकाठी वाकली की आतली फॉइल भिंतीला टेकते. हॅलियर्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, तोही तपासा: शीड पूर्ण उघडून, पुढच्या कडेवरच्या आडव्या सुरकुत्या जेमतेम जातील एवढाच ताण हवा. त्याहून जास्त दिला तर त्या कडेला समांतर उभी घडी पडते आणि वरच्या स्विव्हलवर (फिरत्या जोडावर) फुकटचा भार येतो.

वारा वाढत असताना अर्ध्यावर अडकणं ही वेगळी गोष्ट. पश्चिम सोलेंटमध्ये ओहोटी नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या तोंडावर वाहते तेव्हा हर्स्टजवळ आखूड, उभ्या लाटा उठतात. तिथे डेकवर उभं राहून शिडाशी झटापट करण्यात अर्थ नाही. इंजिन चालू करा, मेनशीट ओढून बूम मध्यावर घट्ट करा, आडोशाला चला. अर्धवट गुंडाळलेलं शीड हॅलियर्ड सोडून खाली उतरवता येत नाही, हे लोक घाबरले की विसरतात. ते उतरवायचं तर आधी संपूर्ण बाहेर यायला हवं. म्हणून ते आत जात नसेल पण बाहेर येत असेल, तर आडोशात नाक वाऱ्यात धरून पूर्ण उघडा आणि सरळ खाली घ्या. बूमवर बांधून बंदरात आलात तर कुणी हसत नाही. समुद्रावर डोलकाठीवर कुणालाही चढवू नका. चढायचं ते बंदरात, दोन हॅलियर्डवर, बूड टेकवायला बोसन्स चेअर घेऊन.

देखभालीचं थोडक्यात. खाचेतून आणि खालच्या बेअरिंगवर गोडं पाणी भरपूर मारा. खाचेला ग्रीस लावू नका, धूळ आणि मीठ चिकटतं. कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे चालतो. ओलं शीड फार दिवस गुंडाळून ठेवू नका.

आणि एवढं सगळं करूनही दर वेळी अडकत असेल तर शीडच म्हातारं झालंय. जुनं डॅक्रॉन (शिडाचं पॉलिस्टर कापड) मधोमध पोट सुटल्यासारखं ताणतं आणि त्या जास्तीच्या कापडाची गुंडाळी जाड होते. खूण अशी: पूर्वी टोकापर्यंत आत जाणारं शीड हल्ली शेवटच्या वेढ्याला कुरकुरतं. सेलमेकरला शीड दाखवून ते सपाट करून मिळेल का विचारा. नवं घेत असाल तर ते सपाट कापायला सांगा आणि क्लूचे (मागच्या खालच्या कोपऱ्याचे) थर पातळ ठेवायला सांगा. उभ्या बॅटन (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) घ्यायच्या की नाही यावर दोन सेलमेकर तीन मतं देतील. मी घेतल्या नाहीत, कारण अडकायला आणखी एक वस्तू मला नको होती.

भाड्याने बोट घेणाऱ्यांसाठी शेवटचं: ताब्यात घेताना मेनसेल धक्क्यावरच, वारा हलका आणि नाकावर असेल तेव्हा, पूर्ण उघडून परत आत घालून दाखवायला सांगा. तो माणूस घाईत असतो, त्याच्या आणखी चार बोटी रांगेत असतात. असू द्या. शीड फॉइलच्या कुठल्या अंगाने वळतं ते तेव्हाच बघून घ्या, मोबाइलवर खाचेचा एक फोटो काढा, आणि कागदावर सही त्यानंतर करा.