जयपूरला प्रत्येक दारात तिकिटाची रांग टाळा

आमेर, हवामहल, जंतरमंतर, नाहरगड, अल्बर्ट हॉल अशा प्रत्येक ठिकाणी वेगळं तिकीट काढत बसलात, तर सकाळ रांगेतच जाते आणि पैसेही जास्त पडतात. त्यापेक्षा एकत्रित तिकीट घ्या. ते दोन दिवस चालतं.

१. आमेरला जलेब चौकातल्या खिडकीवर सकाळी तोबा गर्दी असते. म्हणून तिकीट आदल्या दिवशी शहरातच, अल्बर्ट हॉलला काढून ठेवा.

२. जंतरमंतर ऊन असतानाच बघा. तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे प्रचंड मोठ्या सूर्यघड्याळाची, सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. सावलीच्या कडेला बोट टेकवून मिनिटभर थांबलात की सावली बोटापासून पुढे गेलेली दिसते. मुलांना हे दाखवाच!

३. तिथून हवामहल चालत गाठता येतो. आत जायची वाट मात्र मागच्या बाजूने आहे.

४. दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या आमेर, संध्याकाळी नाहरगड.

एक लक्षात ठेवा, सिटी पॅलेस आणि जयगड या तिकिटात येत नाहीत, त्यांचे पैसे वेगळे धरा. आणि तिकिटाचा कागद जपा, प्रत्येक दारात तोच दाखवायचा असतो.