मोठ्या जातीचे पिल्लू येण्याआधी: क्रेट निवडण्याची तयारी

लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन जातीचे दोन महिन्यांचे पिल्लू घरी येणार असेल, तर क्रेटची, म्हणजे त्याला निजण्या-बसण्यासाठीच्या दार असलेल्या पिंजऱ्याची, खरेदी निदान आठवडाभर आधी उरकलेली असावी, कारण घाईत आणलेला क्रेट बहुधा डोळ्यांसमोरच्या पिल्लाच्या मापाचा असतो आणि काही महिन्यांतच अपुरा पडतो. दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी पिल्लाच्या आईवडिलांना प्रत्यक्ष पाहावे, जमल्यास मोजावे. पिल्लू नर असेल तर बापाचे माप आणि मादी असेल तर आईचे माप अधिक उपयोगी पडते. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंतची लांबी आणि उभे असताना जमिनीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतची उंची घेऊन दोन्हींत सुमारे १० सेंटीमीटर मिळवले, की क्रेटचे आतले माप हाती येते. बाजारात क्रेट इंचांत मिळतात. लॅब्रेडोरच्या बहुतेक माद्यांना ४२ इंची, म्हणजे सुमारे १०७ सेंटीमीटर लांबीचा क्रेट पुरतो. भरदार नर लॅब्रेडोर आणि जर्मन शेफर्ड यांच्यासाठी ४८ इंची घ्यावा आणि ग्रेट डेनसाठी ५४ इंचीच्या खाली येऊ नये. मान न वाकवता उभे राहता यावे, जागच्या जागी वळता यावे आणि पाय पसरून कुशीवर झोपता यावे, या तीन गोष्टी पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला साधल्या पाहिजेत. मोठ्या जातींची वाढ एक ते दीड वर्ष चालते, ग्रेट डेनसारख्या जातींची त्याहूनही अधिक, हे खरेदीच्या वेळी विसरू नये.

मात्र एवढा मोठा क्रेट दोन महिन्यांच्या पिल्लाच्या ताब्यात सबंध देऊ नये, आणि या तयारीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी हीच मानतो. झोपायची जागा खराब करायची नाही, ही ओढ पिल्लात उपजतच असते आणि शी-शूचे वळण तिच्याच आधाराने लावायचे असते. जागा ऐसपैस असली की पिल्लू एका टोकाला झोपते, दुसऱ्या टोकाला शू करते आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. आमच्या पहिल्या लॅब्रेडोरच्या वेळी आम्ही ४८ इंची क्रेट मधल्या जाळीशिवाय आणला होता. मागचा कोपरा दोन दिवसांत त्याची मोरी झाला, आणि पुढे योग्य जागा मिळाल्यावरही ती सवय मोडायला कित्येक आठवडे लागले. म्हणून मागेपुढे सरकवता येणारी मधली जाळी, म्हणजे डिव्हायडर, सोबत मिळत असेल तरच क्रेट घ्यावा, आणि पिल्लाला वळून निजता येईल इतकीच जागा मोकळी ठेवून दर दोन-तीन आठवड्यांनी ती वाढवत जावी.

आमच्या इंदूरच्या हवेत प्लास्टिकच्या बंदिस्त क्रेटपेक्षा तारेचा, घडी होणारा क्रेट मला अधिक योग्य वाटतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून शरीर थंड करते, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की वारा न खेळणाऱ्या जागेत पिल्लाला उष्माघात होऊ शकतो. माळव्याच्या रात्री गार होतात, या भरवशावर दुपारची सोय टाळू नये. कूलरचा वारा क्रेटपर्यंत पोहोचावा, पण त्याची वायर पिल्लाच्या तोंडाला लागू नये. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून पिंजरा करून घेणार असाल, तर प्रत्येक जोड कानशीने घासलेला आहे का ते बोट फिरवून पाहावे, गजांमधून जबडा किंवा पंजा अडकणार नाही याची खात्री करावी आणि तळाला जाळी न ठेवता बाहेर ओढता येणारा सपाट ट्रे मागावा. गजांना लावलेल्या ऑइल पेंटचे पापुद्रे पिल्लू गिळू शकते. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडत असताना ते प्रत्येक गज चावून पाहते.

आता घराचे माप. ४८ इंची क्रेटला सुमारे १२२ बाय ७६ सेंटीमीटर जागा लागते, शिवाय दार पूर्ण उघडण्यापुरती मोकळी बाजू हवी. रामबागेतल्या जुन्या घराचा अरुंद जिना असो वा फ्लॅटची लिफ्ट, घडी केलेला क्रेट तिथून जाईल का, हे टेप लावून पाहावे. माणसांची ये-जा असलेला कोपरा चांगला, पण पश्चिमेचे ऊन येणारी खिडकी नको. दिवाळीचे फटाके आणि रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचे, ढोल यांसाठी तीन बाजू झाकतील अशी सुती चादर आधीच बेतून ठेवावी. अंथरूण जुन्या सतरंजीचे असावे, नवी गादी पिल्लू फाडते. पाण्याचे भांडे गजाला अडकवण्याजोगे घ्यावे. आत सोडताना गळपट्टा काढावा, कारण तो गजात अडकून गळफास बसू शकतो. हा क्रेट लहान गाडीत मावत नाही, त्यामुळे लसीसाठी पशुवैद्याकडे किंवा इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेण्याकरिता वेगळी टोपली अथवा छोटा क्रेट लागेल. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला तिथल्या जमिनीवर उतरवू नये.

शेवटी घरातल्या सर्वांशी एकदा बसून बोलावे. रागावून कोणीही पिल्लाला क्रेटमध्ये कोंडणार नाही, मुले आत हात घालून झोपलेल्या पिल्लाला उठवणार नाहीत आणि दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा सलग दोन-तीन तासांहून अधिक आत ठेवले जाणार नाही, हे आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांना मान्य असावे. पहिले काही दिवस दार उघडे ठेवून जेवण आतच द्यावे. पहिल्या रात्री क्रेट पलंगाशेजारी लावावा, आणि रात्री दोनच्या सुमारास पिल्लाला अंगणात कोण नेणार, हे ते येण्याच्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे.