ब्रायर पाइपमध्ये मुरलेला जुन्या तंबाखूचा वास कसा काढावा

लाताकिया मिसळलेली तंबाखू ज्या पाइपमध्ये काही महिने ओढली गेली आहे, त्यात साधी व्हर्जिनिया जातीची तंबाखू भरली तर पहिल्या झुरक्यालाच चुलीवर टांगलेल्या घोंगडीचा धुरकट वास पुढे येतो. लाताकियाची पाने लाकडाच्या धुरावर धरून वाळवलेली असतात, त्यामुळे तो धूर पाइपमध्ये घर करतो. इंग्लंडमधील केंडल येथील सुगंधी मिश्रणांचे तसेच आहे. त्यांतील टोंका बियांचा आणि फुलांचा गंध तर काही वेळा लाताकियापेक्षाही चिवट ठरतो. वापरलेला जुना पाइप विकत घेतला किंवा आजोबांचा पाइप पेटीतून बाहेर काढला, तर पूर्वीच्या माणसाची आवडही त्याच्यासोबत येते.

हा वास ब्रायरच्या, म्हणजे पाइप घडवायला वापरतात त्या झुडपाच्या मुळाच्या, लाकडातच खोलवर भिनलेला असतो, असे अनेकांना वाटते. परंतु त्याचा मोठा भाग तंबाखू भरायच्या वाटीच्या आतील कोळशाच्या थरात आणि वाटीला मुखनळीशी जोडणाऱ्या दांड्याच्या छिद्रात साचलेल्या डांबरासारख्या चिकट मळात असतो. म्हणून आधी हा थर व मळ काढावा, आणि स्पिरिटकडे नंतर वळावे. बरेच जण याच्या उलट करतात आणि स्पिरिटने वासाचा थर नुसता भिजवून ठेवतात.

पाइप पूर्ण थंड झाल्याशिवाय मुखनळी काढू नये, कारण गरम असताना ती पिळली तर दांडा तडकू शकतो. थर खरवडण्यासाठी रीमर, म्हणजे वाटी आतून खरवडण्याचे अवजार, वापरावा. तो नसल्यास गोल काठीला जाडसर पॉलिशपेपर गुंडाळून वाटीत हलक्या हाताने फिरवावा. धारदार चाकूने लाकडाला खाचा पडतात, तेव्हा तो टाळावा. एरवी सुमारे एक मिलिमीटरचा थर लाकडाला आचेपासून वाचवतो म्हणून ठेवला जातो, पण वास घालवायचा असेल तेव्हा तोही जवळजवळ लाकडापर्यंत काढावा लागतो. नंतर तो पुन्हा तयार होतो.

दांडा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मुखनळीची खुंटी जिथे बसते त्या खोबणीच्या तळाशी ओलसर मळ वर्षानुवर्षे साचतो आणि पाइप क्लीनर त्याच्या मधून सरळ निघून जातो, त्यामुळे तो साफ झाल्याचा भास होतो. कान साफ करण्याच्या कापसाच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवून खोबणीच्या कडेकडेने फिरवाव्यात आणि काडी पांढरी निघेपर्यंत हे करत राहावे. जुन्या पाइपला पंधरा-वीस काड्या सहज लागतात.

स्पिरिट कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. स्टोव्ह पेटवण्यासाठी किंवा रंगकामासाठी मिळणारे स्पिरिट अजिबात वापरू नये, कारण त्यात विषारी मिथेनॉल असू शकते. पिण्यायोग्य, तीव्र मद्यार्क सर्वांत सुरक्षित; तो नसल्यास बिनरंगी, बिनवासाची कडक व्होडका चालते, फक्त तिच्यात पाणी बरेच असल्याने काम सावकाश होते. वासाला कारणीभूत असलेली तेले आणि डांबर पाण्यापेक्षा मद्यार्कात अधिक सहज विरघळतात, म्हणूनच हा उपाय लागू पडतो. हे सर्व काम खिडकी उघडी ठेवून, ज्योतीपासून दूर करावे.

वाटीत मीठ भरून त्यावर मद्यार्क ओतण्याची पद्धत फार प्रसिद्ध आहे, पण मी तिच्याऐवजी कापूस वापरण्याचा आग्रह धरतो. मीठ दांड्याच्या छिद्रात शिरले तर पूर्ण निघत नाही आणि त्याचे स्फटिक फुगून लाकूड तडकल्याच्या तक्रारी ऐकू येतात. कापूस मात्र एका चिमट्यात बाहेर येतो. मुखनळी वेगळी काढून दांड्यात एक पाइप क्लीनर वाटीच्या तळापर्यंत सरकवावा, वाटीत कापूस सैलसर भरावा आणि ड्रॉपरने थेंब थेंब मद्यार्क सोडत काठाच्या थोडे खाली थांबावे. काठावर तो सांडला तर बाहेरील लाखेची झिलई विरघळून डाग पडतो. पाइप सरळ उभा राहील असा टेकवून रात्रभर ठेवावा. सकाळी कापूस चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी झालेला दिसतो. तो टाकून नवा भरावा, आणि कापूस फिकट निघेपर्यंत दोन-तीन वेळा हेच करावे.

मुखनळीतही वास असतो. ती काळ्या रबराची असेल तर मद्यार्कात भिजवलेले क्लीनर आतून फिरवता येतात. ॲक्रिलिकची असेल तर मद्यार्काने बारीक भेगा पडण्याची शक्यता असते, म्हणून तिला भांडी घासण्याचा सौम्य साबण आणि कोमट पाणीच वापरावे. मीरशॉमचा, म्हणजे मऊ पांढऱ्या खनिजाचा पाइप असेल तर वरील भिजवण्याची कृती त्याच्यावर करू नये. त्यात फक्त कोरडे खरवडणे आणि क्लीनर एवढेच योग्य.

त्यानंतर वाळवणे. पाइप मुखनळीशिवाय, सावलीत, हवा खेळेल अशा जागी निदान एक आठवडा ठेवावा. कोकणातील किंवा मुंबईच्या पावसाळ्यात दोन आठवडेही कमी पडतात, कारण हवाच ओलसर असते आणि बुरशीची भीती राहते. उन्हात किंवा हीटरपाशी ठेवून घाई केल्यास लाकूड तडकू शकते. मद्यार्काचा वास पूर्ण गेला की नाही, ते वाटी नाकाजवळ धरून तपासावे आणि जरा शंका आली तरी आणखी दोन दिवस थांबावे.

पहिल्या दोन-तीन वेळा साधी, बिनसुगंधी बर्ली जातीची तंबाखू भरावी. तिचा कोरडा, सौम्य धूर नवा थर तटस्थ ठेवतो. तरीही जुना गंध डोकावला, तर कापसाची कृती पुन्हा एकदा करावी. त्यानंतरही तो हटला नाही, तर तो पाइप त्याच प्रकारच्या तंबाखूसाठी राखून ठेवावा आणि व्हर्जिनियासाठी दुसरा घ्यावा.