आधी ब्राइटनेस उतरवा, मग स्लायडर: फोटो एडिटिंगला नव्याने लागणाऱ्यांसाठी

फोटो एडिटिंग शिकू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाइटरूम शिकू की फोटोशॉप? माझ्या उत्तराने बहुतेकांचा हिरमोड होतो. आधी मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवा, मग बोलू.

मी लग्नाच्या फोटोंचं एडिटिंग करते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका स्टुडिओत सुरुवात झाली, आता कळव्याला घरूनच कामं घेते. रॉ फाइल म्हणजे काय, लेयर कशाला म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. नसेल तर यूट्यूबवर एका संध्याकाळीत कळेल. पण मला ज्याने रडवलं ती गोष्ट त्या व्हिडिओंत शेवटी घाईघाईत उरकतात, नाहीतर गाळतातच.

झालं असं, की एका लग्नाचा अल्बम लॅबमधून छापून आला आणि नवरीची वांगी रंगाची पैठणी चक्क काळी दिसत होती. काठावरचे मोर जागेवर होते, पण साडीचा पोत गायब. नवरदेवाचा बंदगळा आणि मागचा पडदा एकजीव झालेले. माझ्या स्क्रीनवर त्याच फोटोत कोटाची शिवणसुद्धा दिसत होती! मालक लॅबवर डाफरले, लॅबवाला म्हणाला तुमची फाइलच डार्क आहे, आणि दोघांच्या भांडणात रीप्रिंटचे पैसे माझ्या हिशेबातून कापले गेले. ते न्यायाचं होतं का, यावर मी आजही भांडायला तयार आहे. पण फाइल डार्क होती, हे खरं.

ती डार्क का झाली हे नीट समजून घ्या. स्क्रीन स्वतः उजेड फेकते. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, खोलीत जो पडेल त्यातलाच तो परत देतो. मॉनिटर खोक्यातून निघतो तोच चढ्या ब्राइटनेसवर, कारण दुकानाच्या झगमगाटात त्याला शेजारच्यापेक्षा उठून दिसायचं असतं. साधे मॉनिटरही पूर्ण ब्राइटनेसवर २५० ते ३०० कँडेला प्रति चौरस मीटरपर्यंत (हे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) जातात. छपाईसाठी एडिट करताना तो आकडा ८० ते १२० च्या आसपास हवा. म्हणजे छापून आल्यावर जसा दिसेल त्याच्या दुप्पट-तिप्पट उजेडात आपण फोटो बघत बसतो. सावलीतली पैठणी मस्त खुललेली दिसते, म्हणून शॅडोच्या स्लायडरला हातच लागत नाही. वर चेहरा जरा जास्तच उजळ वाटला, म्हणून एक्स्पोजर थोडं खाली येतं. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, आणि दोन्ही कागदावर उतरतात.

उपाय फुकटातला आहे. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. शेजारी झेरॉक्सचा कोरा कागद धरा, त्यावर खोलीतला नेहमीचा उजेड पडू दे. स्क्रीन दिव्यासारखी भगभगत असेल तर ब्राइटनेस खाली आणा, दोन्ही साधारण सारखे दिसेपर्यंत. पहिले काही दिवस सगळं मरगळलेलं वाटेल. वाटू दे, डोळे सरावतात.

एवढ्यावर थांबू नका, कारण स्क्रीनला फितूर बरेच. रात्री आपोआप पिवळी होणारी नाइट लाइट बंद. आयफोन-मॅकवाल्यांनी खोलीच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग बदलणारा ट्रू टोन बंद. ऑटो ब्राइटनेस बंद. लॅपटॉप चार्जरवरून काढला की बरेच लॅपटॉप बॅटरी वाचवायला स्क्रीन मंद करतात, काही तर कॉन्ट्रास्टशीही खेळतात. तेव्हा एडिटिंग चार्जर लावूनच. फोनवर करत असाल तर डिस्प्लेचा ‘व्हिविड’ मोड बदलून ‘नॅचरल’ करा. पेढा खाल्ल्यावर चहा अगोड लागतो ना, डोळ्यांचंही तसंच होतं: तासभर पिवळट स्क्रीन बघितली की पिवळट हेच पांढरं वाटायला लागतं, आणि मग आपण फोटो निळे करत सुटतो.

खोलीचंही तेच. पावसाळ्यात दुपारी तीनला आभाळ भरून येतं आणि हॉलमध्ये अंधार होतो, मग सकाळी केलेला फोटो भडक वाटतो आणि आपण तो पुन्हा उकरतो. मी खिडकीचा पडदा ओढून एकच पांढरी ट्यूब लावते, सकाळ असो की रात्र. आणि लाल टीशर्ट घालून स्क्रीनसमोर बसू नका. हसू नका, त्याची झाक काचेवर पडते.

कॅलिब्रेटर नावाचं यंत्र असतं, स्क्रीनवर टेकवून रंग मोजणारं. धंदा सुरू झाला की घ्या, किंवा चारपाच जणांत मिळून घ्या. तोवर त्याच्यावाचून काही अडत नाही. लॅबमधून ४ × ६ च्या थोड्या टेस्ट प्रिंट मागवा: एक गडद साडी, एक पांढरा सदरा, एक सावळा चेहरा, एक संध्याकाळचा फोटो. त्या दिवसाउजेडी खिडकीजवळ बघा, स्क्रीनशी ताडून पाहा. कुठली लॅब किती डार्क छापते हे अशानेच कळतं. १२ × ३६ चं आख्खं पान छापल्यावर कळण्यापेक्षा बरं.

आणि हिस्टोग्राम बघायची सवय लावा, म्हणजे डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत कुठल्या उजेडाचे पिक्सेल किती ते दाखवणारा आलेख. स्क्रीन फसवेल, हिस्टोग्राम आकडे मोजतो. सगळा डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला असेल आणि तरी फोटो तुम्हाला छान उजळ वाटत असेल, तर गडबड स्क्रीनची आहे. लाइटरूमच्या ‘डेव्हलप’ विभागात कीबोर्डवरचं J दाबलं की जळालेला, म्हणजे तपशील न उरलेला पांढरा लाल दिसतो आणि तसाच बुडालेला काळा निळा. मुंडावळ्यांचे मोती आणि नवरदेवाचा फेटा तेवढे तपासा, हायलाइट आधी तिथे जळतात. रात्रीचा फोटो डावीकडे झुकणारच, तो ओढून मध्यभागी आणायचा अट्टाहास नको.

इतकं वाचून धसका घेतला असेल तर घेऊ नका. ही तयारी एका दुपारीत उरकते. पण ती टाळून स्लायडर शिकलात तर वर्षभर चुकीच्या आरशात बघून शिकाल, आणि ते विसरायला आणखी वर्ष जाईल.

आता प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर लागणारी तयार स्लायडर-सेटिंग्ज. प्रीसेट विकणाऱ्यांवर माझा राग आहे, तो लपवत नाही. कोणीतरी युरोपातल्या ढगाळ उजेडात काढलेल्या फोटोंवर बेतलेला तो ‘मूडी’ प्रीसेट आपल्या लग्नावर मारला, की पहिला बळी हिरव्या चुड्याचा. त्या प्रीसेटमध्ये हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) उतरवलेलं असतं आणि ह्यू (रंगाची छटा) पिवळ्याकडे ढकललेला असतो, झाडी छान करडी दिसावी म्हणून. मग नवरीच्या हातात शेवाळी बांगड्या. तोरणाची आंब्याची पानं वाळकी. तुम्हाला फिल्मी लूक दिसतो, नवरीच्या आईला फक्त बांगड्या दिसतात, आणि फोन तीच करते. प्रीसेट वापरायचाच तर उघडून बघा आत काय काय हललंय, हिरवा आणि केशरी जागेवर आणा, आपल्या नावाने सेव्ह करा. तेवढं केलं की माझा विरोध नाही.

हळदीचे फोटो नवख्याला हमखास रडवतात. फ्रेममध्ये सगळीकडे पिवळंच, म्हणून पांढरं पांढरंच दिसावं यासाठी रंग आपोआप जुळवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं हा उजेडाचा दोष आहे. तो पिवळा काढायला निळा घालतो आणि पांढऱ्या भिंती निळसर, चेहरे आजारी. आयड्रॉपरने पांढरी जागा शोधायला जाल तर कार्यातलं प्रत्येक पांढरं हळदीने माखलेलं. मी त्याच उजेडात काढलेला, हळद लागायच्या आधीचा फोटो शोधते, त्यात कुणाचा तरी स्वच्छ सदरा धरून बॅलन्स ठरवते आणि तो पुढच्या सगळ्यांवर लावते. हॉलच्या स्टेजवर जांभळे एलईडी सोडलेले असतील तर मात्र देवाचं नाव घ्या. निळा चॅनल फुटलेला (मर्यादेपलीकडे जाऊन तपशील गमावलेला) असतो, लाल-हिरव्याची माहितीच जेमतेम. तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि पुढे चला.

चेहऱ्यांबद्दल. ‘मुलीला जरा उजळ करा’ हे वाक्य तुम्ही ऐकणार, स्थळासाठीच्या फोटोत तर दर वेळी. मी पिंपल काढते, चार दिवसांत जाणार असतो म्हणून. तीळ, व्रण, सावळा रंग ठेवते. डोळ्यांखाली सावली असेल तर निम्मी हलकी करते, पूर्ण नाही. उजळ म्हणजे उजेड हवा असतो बहुतेकदा: चेहऱ्यावर मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, एक्स्पोजर थोडं वाढवलं की समाधान होतं, आणि माणूस तोच राहतो. स्किन स्मूथचा स्लायडर शेवटापर्यंत ओढलात तर आत्याबाईंचं मेण होतं. कामं जातील म्हणून नाही म्हणायला घाबरू नका. मी म्हणते, माझं घर चालतं.

निसर्गाकडे वळलेल्यांसाठी एकच. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, आणि आता ऐरोलीची बोट पकडून आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये गुलाबी थवा असतो. त्यातला अर्धा गुलाबी स्लायडरचा. फ्लेमिंगोची पिल्लं करडी असतात, रंग खाण्यातून हळूहळू चढतो. थव्यात कमी वयाचे पांढुरके पक्षी असणारच, शिवाय फ्लेमिंगोच्या दोन जातींपैकी ‘मोठा रोहित’ हा ‘लहान रोहित’पेक्षा फिकाच असतो. सॅच्युरेशन ओढलं की चिखलही गुलाबी होतो आणि जाणकार एका नजरेत ओळखतो. खाडीवरचं धुरकट काढायला डीहेझ वापराल, तर मास्क लावून, थोडाच. तो रंग चढवतो आणि टॉवरच्या कडांना पांढरी झालर काढतो.

सॉफ्टवेअर कुठलं? क्रॅक केलेलं नको. फुकटातल्या क्रॅकबरोबर व्हायरस येतो आणि क्लायंटच्या लग्नाचा डेटा त्याच मशिनवर असतो. पैसे नसतील तर डार्कटेबल आणि गिम्प फुकट आहेत, फोनवर स्नॅपसीड. डार्कटेबल सुरुवातीला अंगावर येतं, पण एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिथेही तेच आहेत. रॉ फाइलवर शिका: १४ बिटच्या रॉमध्ये एकेका रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. सावली उचलताना फरक डोळ्यांना दिसतो.

गुरू कोण करावा? जो स्वतःची एडिट न केलेली फाइल दाखवतो तो. माझ्या स्टुडिओतले सीनियर मी मागे उभी राहिले की विंडो मिनिमाइज करायचे आणि ‘हात बसेल आपोआप’ म्हणायचे. हात बसतो, पण आपोआप नाही. ‘शंभर टक्के नोकरी’वाल्या क्लासांत फी भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्याची रॉ आणि फायनल शेजारी-शेजारी मागा. टाळाटाळ झाली तर पायात चप्पल घाला आणि निघा.

एक्स्पोर्टचं थोडक्यात सांगते. लॅबने दुसरं काही मागितलं नसेल तर रंगांचं प्रोफाइल एसआरजीबीच (sRGB). अडोबी आरजीबीत पाठवलेली फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या मशिनवर फिकी पडते. छपाईला ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे १२ × ३६ इंचांच्या पानाला ३६०० × १०,८०० पिक्सेल. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो चेपला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जेपेग उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका, दर वेळी थोडं झिजतं. रॉच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर. अल्बम हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, फोटोग्राफर कितीही घाई करो.

आणि काम घेताना करेक्शन किती, ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. मी दोन वेळा फुकट करते, तिसऱ्यापासून पानामागे पैसे. सुरुवातीला हे लिहायला लाज वाटते. नुसतं तोंडी ठरवलंत तर काकांची टाय कुठल्या रंगाची असावी यावर दोन घरांत एकमत होईपर्यंत तुम्ही फाइल उघडत बसाल.