जुना पिकअप बघायला निघण्याआधी

पिशवीत काय काय न्यायचं, तिथूनच सुरुवात करतो. टॉर्च, छोटं चुंबक आणि ते गुंडाळायला मऊ फडकं (रंगावर ओरखडा उठला तर सौद्याआधीच वाजायचं), जाड स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी, कम्प्रेशन गेज (इंजिनच्या सिलिंडरमधला दाब मोजायला), अंगाखाली टाकायला गोणपाट आणि पाण्याची मोठी बाटली. बाटली पिण्यासाठी नाही, ती कशाला ते पुढे येईल. सोबत एक असा मित्र हवा ज्याला जुन्या गाड्यांचं काडीचं कौतुक नाही. आपण हरखलो की तो बाही ओढतो. वेळ भर उजेडाची ठरवायची. पाऊस पडून गेल्यावर उडालेला रंगसुद्धा ओला होऊन चमकतो. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, आणि पोचल्यावर नमस्कार-चमत्कार चालू असतानाच बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर गाडी थंड असताना चालू व्हायला कुरकुरते असं धरून चालावं.

बघण्याचा क्रम बहुतेकजण उलटा लावतात. आधी इंजिनचा आवाज ऐकतात, मग आतल्या गाद्या, आणि पत्रा शेवटी, तोही वरवर. माझ्या मते पत्रा पहिला, चॅसी दुसरी आणि इंजिन अगदी शेवटी. इंजिन उतरवून दुसरं बसवता येतं, गिअरबॉक्स मिळतो, ब्रेक तर नवेच घालायचे असतात. पण खालून सडलेली कॅब नीट करायची म्हणजे पॅनेल कापा, नवं जोडा, दार लागतंय का बघा, नाही लागलं की पुन्हा कापा. जाहिरातीतल्या ‘एकदम क्लीन’चा अर्थ बऱ्याचदा ‘काल धुतलेला’ एवढाच असतो. आपल्याला हवा तो क्लीन म्हणजे ज्याचा पत्रा मूळचा आहे आणि ज्याच्या वायरिंगला कुणी हौशी हात लागलेला नाही. वर रंग उडालेला असला तरी चालेल.

चुंबक दाराच्या मधोमध लावून काही कळत नाही. ते कॅबच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांवर, दाराखालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानीच्या कडेवर आणि हौद्याच्या पुढच्या खालच्या भागावर फिरवायचं. चांगल्या पत्र्यावर ते फडक्यासकट टक्कन बसतं. कोपऱ्याकडे सरकवत नेताना एका जागी पकड सैल होते आणि ते घसरून खाली पडतं. तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. बोटाच्या पेराने वाजवून बघा. पत्रा खणखणतो, पुट्टी कागदी पुठ्ठ्यासारखी थप्प बोलते. आता ती बाटली. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे हवा आत जायच्या जाळ्या असतात. वर्षानुवर्षं पानं-काडीकचरा आत पडून तिथे साचतो, ओला राहतो आणि आतला पत्रा खातो, बाहेरून पत्ता लागत नाही. जाळीतून सावकाश पाणी ओतायचं आणि मित्राला आत पायांजवळ टॉर्च धरून बसवायचं. पाणी दाराच्या पुढच्या खांबाजवळून बाहेर जमिनीवर आलं तर ठीक. मित्राच्या बुटावर आलं तर भाव खाली आणायचा, नाहीतर नमस्कार करून निघायचं.

मग गोणपाट अंथरून खाली. कॅब ज्या रबरी बैठकांवर टेकते तिथला लोखंडी भाग स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचा, विकणाऱ्याची परवानगी घेऊन. चॅसीवर ताजा जाड काळा थर चोपडलेला दिसला तर मला तरी संशय येतो. वेल्डिंगच्या रेषा शोधायच्या, आणि इथे मोजपट्टी कामाला येते. १९६७ ते १९७२ या काळातल्या शेवरोले सी-१० या अमेरिकी पिकअपचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आखूड हौद्याला ११५ इंच आणि लांब हौद्याला १२७ इंच. आखूड हौद्याला मागणी फार, त्यामुळे लांब गाडीची चॅसी मधून कापून ती आखूड केलेली पुष्कळदा आढळते. काम चोख असेल तर त्यात गैर काही नाही, पण मूळची आखूड म्हणून पैसे मोजायचे नाहीत. या गाड्यांच्या ग्लव्ह बॉक्समध्ये कारखान्याचं स्टिकर असायचं, त्यावर व्हीलबेस, रंगाचा कोड आणि बसवलेल्या खास गोष्टी लिहिलेल्या. ते शाबूत सापडलं तर लगेच फोटो काढून ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा नंबर, चॅसीवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. सतरा अक्षरी नंबर अमेरिकेत १९८१च्या मॉडेलपासून आला, त्यामुळे त्याआधीच्या गाडीवर छोटा नंबर दिसला म्हणून दचकू नका. पट्टीचे रिव्हेट नवे दिसले तर मात्र दचका.

इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगायचं आणि आपण मागे सायलेन्सरपाशी उभं राहायचं. सुरुवातीला निळसर धूर येऊन विरला तर वॉल्व्हची सीलं गेलेली असतात, तो खर्च मोठा नाही. निळा धूर येतच राहिला तर पिस्टन रिंगा झिजलेल्या. पांढरा, गोडसर वासाचा आणि गाडी तापल्यावरही न थांबणारा म्हणजे कूलंट आत जातंय. काळा धूर बहुधा कार्बोरेटरचा, त्याचं टेन्शन घेऊ नका. दार उघडून टोकाला धरून वर उचला, बिजागरी किती झिजली ते हाताला कळतं. स्टीअरिंग उभ्या उभ्या हलवून चाक हलायच्या आधी किती फिरतं ते बघा.

गाडी घरी आली की पहिला महिना कशालाही हात लावायचा नाही, फक्त वही ठेवायची आणि जवळपास चालवायची. मात्र त्याआधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. ‘२३१२’ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २०००च्या आधीचा. नक्षी कितीही खोल दिसली तरी त्यावर गावाबाहेर जायचं नाही.

बदलांची सुरुवात थांबण्यापासून. साठच्या दशकातल्या बऱ्याच पिकअपना चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) असतो. एक पाइप फुटला की पेडल सरळ तळाला. दोन कप्प्यांचा सिलिंडर आणि पुढे डिस्क, ही पहिली खरेदी. इथे एक मेख आहे. सी-१०ला १९७१ साली पुढे डिस्क ब्रेक आले तेव्हा चाकांचे बोल्टही सहाचे पाच झाले. म्हणून हौसेच्या रिम्स ब्रेक ठरण्याआधी घ्यायच्या नाहीत. माझ्याकडे अशा चार चकचकीत, सहा भोकांच्या रिम्स आहेत. एकीवर सध्या कुंडी ठेवली आहे.

दुसरं काम पेट्रोलच्या टाकीचं. १९७२पर्यंतच्या अनेक शेवरोले आणि फोर्ड पिकअपमध्ये टाकी सीटच्या मागे, कॅबच्या आतच असते. ती हौद्याखाली, चॅसीच्या दोन दांड्यांच्या मध्ये हलवली की वास जातो, धोका कमी होतो आणि सीटमागे सामानाला जागा होते. पुढेमागे इंजेक्शनचं इंजिन बसवायचा बेत असेल तर नळ्या आणि पंप आत्ताच त्या मापाचे घ्या. कार्बोरेटरला पाच ते सात पीएसआय (दाबाचं माप) पुरतो, जीएमच्या, म्हणजे शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या, एलएस जातीच्या इंजिनांना साधारण ५८ लागतो. जुनी रबरी नळी तिथे टिकणार नाही.

वायरिंगला लोक घाबरतात आणि म्हणूनच तुकड्या-तुकड्यांनी चिकटपट्टी लावत बसतात. पूर्ण नवा हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा तयार जुडगा, घाला. मोठा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) लावून मुख्य वायर जुनीच बारीक ठेवली तर ती तापते, आणि तिच्यावर लावलेली चिकटपट्टी आधी वितळते. सीटबेल्ट खांद्यावरून येणारे लावा. पण बोल्ट नुसत्या पत्र्यात कसायचा नाही, मागे जाड पट्टी वेल्ड करून घ्यायची.

गाडी खाली बसवायची हौस मलाही आहे. पुढे दोन-तीन इंच उतरवायला ड्रॉप स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो भाग, आस वर सरकवलेला) उत्तम, स्प्रिंग कापण्याचा उद्योग नको. मागे सहा इंच उतरवलं की अॅक्सल चॅसीला आपटतो, त्यासाठी चॅसीला खालून चंद्रकोरीसारखी खाच घेऊन ती मजबूत करावी लागते. १९६५पासूनच्या फोर्डला पुढे दोन आडव्या बीमचं सस्पेन्शन आहे. ते नुसतं खाली बसवलं की चाकं वरच्या बाजूने आत कलतात, तेव्हा कलाचा हिशोब आधीच मांडून घ्या.

रंग शेवटी. रंग आधी दिला तर पुढच्या प्रत्येक पान्याचा ओरखडा मनावर उमटतो. उन्हाने विटलेला मूळचा रंग जमून आला असेल तर तो तसाच राखा. मुद्दाम घासून, रसायन फवारून आणलेलं जुनेपण मला बघवत नाही. विटलेला रंग नकोच असेल तर स्टिकरवरचा कोड वाचून कारखान्याचाच रंग द्या.

काढलेला एकही भाग टाकायचा नाही. प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव आणि तारीख, आणि सगळं एका पत्र्याच्या पेटीत. पुढच्या मालकाला ती पेटी गाडीसोबत द्यायची आहे. आणि चाकांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.