नंतर घातलेल्या बटणांवर क्लिक का चालत नाही?

पान उघडताना यादीत तीन ओळी होत्या, त्यांची ‘काढा’ बटणं व्यवस्थित चालतात. चौथी ओळ जावास्क्रिप्टने नंतर घातली, तिचं बटण मात्र ढिम्म. कन्सोलमध्ये एररही नाही. याचं कारण असं, की क्वेरीसिलेक्टरऑल (सिलेक्टरला जुळणारे एलिमेंट, म्हणजे पानाचे घटक, शोधणारी मेथड) त्या क्षणी पानावर जे आहे तेवढंच शोधून देतं, आणि लिसनर (क्लिकसारखा इव्हेंट घडला की चालायचं फंक्शन) त्या-त्या एलिमेंटला चिकटतो, क्लासच्या नावाला नाही.

ओळ घातली की सगळ्या बटणांवर पुन्हा लिसनर लावायचा, हा उपाय चटकन सुचतो, तो टाळाच. दर वेळी नवं निनावी फंक्शन दिलं तर जुन्या बटणांवर लिसनर साचत जातात, आणि एका क्लिकसरशी सर्व्हरला तीच रिक्वेस्ट तीनदा जाते.

त्याऐवजी पानावर कायम राहणाऱ्या यादीवरच, म्हणजे बाहेरच्या यूएल टॅगवर, एकदाच लिसनर लावा. क्लिक बटणावर झालं तरी इव्हेंट एकेक पालक ओलांडत वर यादीपर्यंत पोचतो. यालाच बबलिंग म्हणतात. बटण कधी जन्माला आलं याच्याशी यादीला देणंघेणं नसतं.

हँडलरमध्ये, म्हणजे लिसनरच्या फंक्शनमध्ये, इव्हेंटचं टार्गेट (क्लिक नेमकं ज्यावर झालं तो एलिमेंट) घ्या, पण त्याचा क्लास थेट तपासू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बटणात कचरापेटीचा आयकॉन असेल आणि बोट नेमकं त्यावर पडलं, तर टार्गेट म्हणून आयकॉन येतो, बटण नाही. मग कडेला दाबलं तर चालतं, मध्यभागी दाबलं तर नाही. म्हणून टार्गेटवर क्लोजेस्ट (तिथून वर जात सिलेक्टरला जुळणारा पहिला एलिमेंट देणारी मेथड) चालवा आणि त्याला बटणाचा सिलेक्टर द्या. नल आलं, म्हणजे काही सापडलं नाही, तर तिथूनच रिटर्न. क्लोजेस्ट यादीच्याही वर शोधत जातं, त्यामुळे सापडलेलं बटण यादीच्या आतलंच आहे ना, हे यादीच्या कंटेन्स मेथडने पाहून घ्या. मात्र बटणावरच्याच दुसऱ्या लिसनरने ती ओळ आधीच काढून टाकली असेल, तर इव्हेंट यादीपर्यंत येतो, पण कंटेन्स फॉल्स सांगतं. कोणती ओळ काढायची ते बटणाच्या डेटा-आयडी अ‍ॅट्रिब्यूटवरून डेटासेटने वाचा. तिथे आकडाही स्ट्रिंग म्हणूनच मिळतो. काटेकोर तुलनेआधी त्याचा नंबर करून घ्या.

सगळेच इव्हेंट वर चढत नाहीत. फोकस आणि ब्लरऐवजी फोकसइन, फोकसआउट वापरा, माउसएंटरऐवजी माउसओव्हर. चित्रांच्या लोड आणि एररसाठी अ‍ॅडइव्हेंटलिसनरला तिसरा आर्ग्युमेंट ट्रू द्या, म्हणजे इव्हेंट वरून खाली टार्गेटकडे उतरतानाच यादीला कळतो. एवढं करूनही हँडलर चालत नसेल, तर मधल्या एखाद्या एलिमेंटवर स्टॉपप्रोपगेशन (इव्हेंटला पुढे जाण्यापासून थांबवणारी मेथड) आहे का ते शोधा.

नवी ओळ घालताना यादीच्या इनरएचटीएमएलला (आतल्या एचटीएमएल मजकुराला) अधिक-बरोबर (+=) करून मजकूर जोडू नका. ब्राउझर जुन्या सगळ्या ओळी मोडून नव्याने बांधतो. यादीवरचा लिसनर टिकतो, पण ओळींवर थेट लावलेले लिसनर आणि रकान्यात अर्धवट टाइप केलेला मजकूर जातो. अपेंड वापरा.